चाकाच्या आतली बाजू

"पाय उचलू नकोस! पोरी, पाय उचलू नकोस!"

मागच्या सीटवरून रशीदभाई ओरडले. क्षणभर आधी त्यांच्या बुडाखालचा डावा टायर फुटला होता. बायपासचा उतार होता. गाडीचं मागचं अंग आधी डावीकडे फेकलं गेलं, मग उजवीकडे. माझ्या खिडकीबाहेर एक ट्रेलर चालला होता. त्याच्या चाकांचे नट मला एकेक दिसले. गाडी माझी सून प्राजक्ता चालवत होती. तिला सहावा संपत आला होता. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि आधी दोन वेळा राहिलं ते टिकलं नव्हतं.

"ब्रेक नको. हँडल सरळ धर. सरळ. पाय आहे तिथेच ठेव. आता सोड, हळू. दुधावरची साय काढतेस ना, तसा हळू."

प्राजक्ताने तसंच केलं. मी काहीच केलं नाही. दोन्ही हातांनी समोरचा डॅशबोर्ड धरून बसले. अशा वेळी देव आठवतो म्हणतात. मला एवढंच आठवलं की घरून निघताना गॅस बंद केला होता की नाही.

ट्रेलर भोंगा वाजवत पुढे निघून गेला आणि आमची गाडी घरंगळत कडेला येऊन थांबली. मागे रबराच्या चिंध्या रस्ताभर पडल्या होत्या. प्राजक्ताने दोन्ही हात पोटावर ठेवले. तिचा चेहरा कणकेसारखा झाला होता.

"आई, पोट आवळतंय," ती म्हणाली.

रशीदभाईंनी रिक्षा थांबवली. रिक्षावाला बायपासवरून दवाखान्याकडे यायला तयार नव्हता. त्याला ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण तो तयार झाला. आम्ही दोघी बसलो. मी मागे वळून पाहिलं तर रशीदभाई फुटलेल्या चाकाजवळ उकिडवे बसले होते आणि त्यांचा हात चाकाच्या आत होता.

माणूस सांगायचा तर इथूनच सांगायला हवा, कारण ते आयुष्यभर तसेच बसलेले होते.

खडकी बाजारात माझी पिठाची गिरणी आहे. नवरा दारूगोळ्याच्या कारखान्यात होता. तो गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा मी गिरणी घेतली. मी चौथीपर्यंत शिकलेय, गिरणीला तेवढं पुरतं. गिरणीच्या भिंतीला भिंत लावून रशीदभाईंचं टायरचं दुकान होतं. त्यांचे आजोबा टांग्याच्या चाकांवर लोखंडी धाव बसवायचे. वडिलांनी मिलिटरीच्या ट्रकांचे टायर केले, रशीदभाईंनी मोटारींचे. "तीन पिढ्या चाकं पाहिली, पण आमच्यात कुणी गाडी घेतली नाही," असं ते सांगायचे. सायकलवर यायचे. तिची हवा मात्र रोज बघायचे.

उंच होते, पाठीत वाकलेले. टायरचं काम करायचे आणि शर्ट घालायचे पांढराशुभ्र. मी एकदा म्हटलं, "काळा घाला की. सकीनाभाभीला धुण्याचा त्रास." तर म्हणाले, "काळा घातला तर मळलाय हे कळणार कसं, वहिनी?" मी पिठाने पांढरी आणि ते रबराने काळे, असे आम्ही एका भिंतीच्या दोन बाजूंना तीस वर्षं बसलो. चहा एकदा माझ्याकडून, एकदा त्यांच्याकडून. कधी फार बोललो नाही. बोलायला कुणालाच सवड नव्हती.

गाडी आली की ते मालकाशी बोलायचे नाहीत. आधी चाकाजवळ बसायचे. डोळे मिटून तळहात टायरवरून आत न्यायचे आणि तसाच बाहेर आणायचे. चारही चाकांना हे करायचे. आत जाताना हाताला गुळगुळीत लागलं आणि बाहेर येताना करवतीसारखं लागलं, तर चाक सरळ चालत नाही, तिरकं ओढलं जातंय. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. मधोमध झिजला असेल तर हवा जास्त. मी गिरणीत पीठ दोन बोटांत चोळून दगडांचं सांगते, तसंच ते. एकदा दुपारी आमच्या सामाईक भिंतीला पाठ टेकून बसले होते. उठून माझ्या दारात आले आणि म्हणाले, "वहिनी, दगडांना टाकी लावून घ्या. घासताहेत." मला दोन दिवस संशय होता. त्यांना ते पाठीला कळलं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. लोक टायर बाहेरून बघतात आणि म्हणतात, अजून चांगला आहे की. रशीदभाई गाडी वर घ्यायचे, चाकाची आतली कड दाखवायचे. तिथे दोरे दिसत असायचे. "बाहेरून सगळे शरीफ असतात, मालक," ते म्हणायचे. ते फक्त टायरबद्दल नाही हे ऐकणाऱ्याला कळायचं.

एकदा हिंजवडीकडचे एक पाटील आले. जमीन गेलेली, मोठी गाडी आलेली.

"हवा किती टाकू?" रशीदभाईंनी विचारलं.

"टाका की दाबून. रस्ते लई खराब हायेत."

"दाबून भरायला ही गादी आहे का? बघा, तुमच्या टायरला मधोमध टक्कल पडलंय."

पाटलांनी डोक्यावरची टोपी काढून दाखवली. "मलाबी पडलंय. कुनी जास्त हवा भरली म्हनायची?"

रशीदभाई इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. पाटील पुढे पंधरा वर्षं हवा भरायला तिथून खडकीत येत होते.

दुसरा एक आला होता जुन्या गाड्या विकणारा. त्याला टायर रिमवरून उलटे करून हवे होते, म्हणजे झिजलेली कड आत जाईल आणि चांगली बाहेर दिसेल. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. रशीदभाई "बरं" म्हणाले. त्याला चहा पाजला. तो चहा पीत असताना चारही टायरांच्या बाहेरच्या बाजूला पिवळ्या खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, "आत पाहा." तो माणूस जे बोलला ते मी लिहिणार नाही. रशीदभाईंनी त्याला ओला फडका दिला आणि म्हणाले, "पुसा. मी कुठे अडवलंय?"

आणि प्रत्येकाला ते एक प्रश्न विचारायचे. गाडी कुठून आली, किती चालली, हे नंतर. आधी विचारायचे, "झोपते कुठे?" गाडी कुठे उभी असते, उन्हात की सावलीत, उतारावर की सपाटीवर. मग कोण बसतं, कोण चालवतं. एका डॉक्टरांना त्यांनी विचारलं होतं, "साहेब, घरातून भांडून निघता का?" कारण पुढच्या चाकांच्या बाहेरच्या कडा गेल्या होत्या. वळणं रागात घेतली की त्या जातात. डॉक्टर म्हणाले, "रोज." आणि खाली बघायला लागले.

आमच्याकडे विजेची गाडी आली ती महेशने घेतली, माझ्या मुलाने. घेतली आणि तो कामासाठी बंगळुरूला गेला, महिन्यातून दोनदा यायचा. गाडी प्राजक्ताकडे. रोज खडकी ते हिंजवडी आणि परत. त्या गाडीची मला भीती वाटायची, कारण ती आवाज करत नाही. पेट्रोलची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की कळतं, माणूस आला. ही येऊन उभी राहते तरी कळत नाही. संध्याकाळी सात वाजल्यापासून मी खिडकीत असायची. दिवस राहिल्यावर तर साडेसहापासून.

वर्षभरात मागचा डावा टायर आतून गेला. प्राजक्ताने बायपासवरच्या काचेच्या मोठ्या दुकानातून मागचे दोन्ही नवे बसवून घेतले. त्यांनी कॉम्प्युटरवर चाकांची रेघ, म्हणजे अलाइनमेंट, जुळवून दिली, रंगीत कागद दिला. सहा महिन्यांत गाडीतून घूं घूं आवाज यायला लागला. मी गुरुवारी तिच्याबरोबर देवळात जायची तेव्हा ऐकायची.

"प्राजक्ता, दगड घासताहेत."

"आई, ही गिरणी नाही. इंजिनचा आवाज नसतो ना, म्हणून टायरचा ऐकू येतो. नॉर्मल आहे. मी नेटवर वाचलंय."

"नेटने गाडी ऐकली का?"

पुढच्या गुरुवारी आवाज वाढला होता. मी म्हटलं, उद्या रशीदभाईंकडे चल, नाहीतर मी तुझ्याबरोबर रोज हिंजवडीला येते. ती लगेच तयार झाली.

रशीदभाईंनी तोवर विजेच्या गाडीला हात लावला नव्हता. ते म्हणाले, "हिच्या पोटाखाली सगळी बॅटरी आहे. जॅक चुकीच्या जागी लागला तर काय होईल मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी उचलत नाही." त्यांनी प्राजक्ताला गाडीचं पुस्तक वाचायला लावलं. जॅक लावायच्या चार जागा खडूने आखून घेतल्या. मग म्हणाले, जरा चालवून बघतो. आवारात चार हात गाडी गेली, त्यांनी सवयीने पाय उचलला आणि गाडी जागच्या जागी गचकन थांबली. टोपी समोरच्या काचेवर.

"ब्रेक लावला नव्हता मी!"

"काका, पाय उचलला की ती स्वतःच ब्रेक लावते. त्याने बॅटरी भरते."

"ही गाडी आहे की सासू? जरा दुर्लक्ष झालं की रुसते."

मी तिथेच उभी होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला नाही म्हटलं." पण उतरल्यावर त्यांनी त्या पायाचा विचार चालूच ठेवला असावा. दुसऱ्या दिवशी तोच विचार कामी आला.

चारही चाकांवरून हात फिरला. डाव्या मागच्याजवळ ते जास्त वेळ बसले. "करवत झालीय," म्हणाले. "आतून. बाकी तीन ठीक." मग टायरवरची बारीक अक्षरं वाचून त्यांचं तोंड कडू झालं. काचेच्या दुकानाने माप बरोबर दिलं होतं पण टायर पेट्रोलच्या गाडीचे, कमी वजन पेलणारे. ही गाडी तशा गाडीपेक्षा तीन-चार माणसांनी जड, आणि ती माणसं कधी उतरत नाहीत. शिवाय पाय लावताच झेप घेते, सगळं रबरावर येतं. त्यांनी बरोबरचे टायर मागवले. परवा येतील म्हणाले.

मग रेघ बघायची. रशीदभाईंचा नियम होता, गाडी रोज जेवढं वजन वाहते तेवढं वजन ठेवूनच माप घ्यायचं. इतरांकडे गाड्या तशा मापत नाहीत. प्राजक्ताला त्या अवस्थेत तासभर बसवायचं नाही, म्हणून चालकाच्या जागी मला बसवलं.

"वहिनी, वजन किती तुमचं?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"सूनबाईपेक्षा कमी आहे एवढं दिसतंय," असं म्हणून त्यांनी माझ्याच गिरणीतून गव्हाची पिशवी आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "आता बरोबर. हलू नका."

मी मांडीवर गहू घेऊन एक तास बसले. बाजारातून जाणारा प्रत्येक जण वाकून बघत होता. रशीदभाईंनी चाकांच्या बाजूने दोरा ताणला, पुढून मागे, आणि पट्टीने अंतर घेत राहिले. कॉम्प्युटर त्यांच्याकडेही होता. दोऱ्याने बघून झाल्यावर ते कॉम्प्युटर खरं सांगतोय का ते बघायचे.

पुढची चाकं थोडी हलली होती, ती त्यांनी जुळवली. डावं मागचं चाक पुढच्या बाजूने बाहेर वळलं होतं. "मागचं जुळवायची सोयच नाही या गाडीत," ते म्हणाले. "मागचा आडवा दांडा अख्खा एक आहे. चाक तिरकं आहे म्हणजे दांडा वाकलाय. कशाने वाकला? खड्ड्यात आपटली?"

"नाही," प्राजक्ता म्हणाली.

"कुणी धडक दिली?"

"नाही."

"झोपते कुठे?"

"घरासमोर," प्राजक्ता म्हणाली.

"घरासमोरच असते," मी म्हटलं.

एवढंच बोललो. इथे आमची चूक झाली आणि ती चूक आहे हे दोघींनाही कळलं नाही.

रशीदभाई विचारात पडले. घूं घूं आवाज झिजलेल्या टायरचा असेल किंवा चाकातल्या बेअरिंगचा. बेअरिंगचा असेल तर गाडी डावी-उजवी झोकली की आवाज बदलतो. टायरचा असेल तर रस्ता बदलला की बदलतो. हे कळायला गुळगुळीत लांब रस्ता आणि वेग पाहिजे. परवा टायर येतील तेव्हा बघता आलं असतं. पण त्यांचा दोष हाच. कोडं सुटल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, आम्ही गिरणीवर पोचलो तेव्हा, ते दारात हजर. "बायपासला एक चक्कर मारू. रबर अजून आहे, मी हात लावून पाहिलंय. मी मागे डावीकडे बसतो, कान चाकावर ठेवून."

गाडी चालवणार कोण? त्यांना ती जमत नव्हती. प्राजक्ता म्हणाली, "रोज हिंजवडीला जातेच की." मी म्हटलं, मीही येणार. त्यांनी विचारलं नाही कशाला.

पुढचं सांगितलंच आहे. डाव्या-उजव्या झोकांड्यांनी आवाज बदलला नाही. "बेअरिंग नाही," ते मागून म्हणाले, खुशीत. "टायरच." आणि तेवढ्यात टायर फुटला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी प्राजक्ताला ठेवून घेतलं. ठोके लागत होते, पण पोट सारखं आवळत होतं. उजव्या कुशीवर झोपायचं नाही, उठायचं नाही, काळजी करायची नाही. काळजी करू नका हे सांगायला त्यांना काय जातं? मी बाकावर बसले. महेशला फोन केला, तो विमानाने निघाला. दुपारी रशीदभाई आले. पांढरा शर्ट कोपरापर्यंत काळा. ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"वहिनी, चूक माझी आहे."

"आहेच," मी म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही.

"मी रबर पाहिलं. टायरच्या भिंतीवर हात फिरवला नाही. आतल्या भिंतीला फुगा आला होता. तुकडे जुळवून पाहिले मी. दगडावर घासल्यासारखी आहे ती भिंत, एकाच जागी, पुन्हा पुन्हा." "तिला काही झालं तर..."

"झालं तर बघू."

ते रोज यायचे. आत जायचे नाहीत. बाकावर बसायचे, मला विचारायचे, "हाललं का?" मी म्हणायची, हाललं. ते उठायचे आणि जायचे. चौथ्या दिवशी मी म्हटलं, सकाळपासून हाललं नाही. ते बसूनच राहिले. नमाजाची वेळ गेली तरी उठले नाहीत. साडेचारला प्राजक्ताने आतून हाक मारली, "आई, लाथ मारली." ते उठले, भिंतीला हात लावून उभे राहिले आणि गेले.

सातव्या दिवशी प्राजक्ताला घरी सोडलं, झोपून राहायच्या अटीवर. त्याच सकाळी रशीदभाई आमच्या गल्लीत आले. तीस वर्षांत पहिल्यांदा. गाडी झोपते ती जागा बघायला.

आमची गल्ली अरुंद आहे. एका कडेला वीतभर उंच फुटपाथ बांधून ठेवलाय, त्यावरून कुणी चालत नाही. गल्लीतले सगळे डावी दोन चाकं फुटपाथवर चढवून गाडी लावतात, म्हणजे दुसऱ्याची गाडी जाते, पाण्याचा टँकर जातो. ही आमच्याकडची माणुसकी आहे. प्राजक्ताने पहिल्या दिवशी गाडी खालीच लावली तेव्हा समोरचे पेंडसे गॅलरीतून म्हणाले होते, "रस्ता सासऱ्यांनी आंदण दिलाय वाटतं?" त्या दिवसापासून आमचीही गाडी वर. रोज चढवायची, रोज उतरवायची.

रशीदभाईंना फुटपाथच्या कडेचा एक तुटका दगड दिसला. त्याच्या धारेवर रबराचा काळा पट्टा होता. ते खाली बसले. डोळे मिटून दगडावरून तळहात नेला आणि परत आणला. मी दारात उभी होते.

"मी विचारलं होतं, वहिनी. झोपते कुठे."

"घरासमोर म्हणालो ना."

"घरासमोर म्हणालात. दगडावर म्हणाला नाहीत."

"सगळेच लावतात. त्यात सांगायचं काय?"

"बरोबर आहे," ते म्हणाले. "त्यात सांगायचं काय." आणि मान हलवली. मग समजावून सांगितलं. पुढचं चाक ती बघून अलगद चढवायची. मागचं तिच्यामागून तिरकं येऊन त्या दगडावर आपटायचं. हलकी गाडी असती तर सोसलं असतं. एवढ्या वजनाने दांडा केसभर वाकला, मग चाक तिरकं झालं, मग आतली कड घासली. आणि उतरताना टायरची आतली भिंत दगडाच्या धारेवरून खाली यायची, रोज. नवे टायर किती घातले असते तरी गेले असते. काचेच्या दुकानाने झीज पाहिली, टायर बदलला. दगड कुणी पाहिला नाही.

मागचा दांडा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बदलला. रशीदभाई तिथे जाऊन उभे राहिले, सगळ्यांना त्रास दिला. टायर त्यांनी स्वतः बसवले, जास्त वजन पेलणारे. पुन्हा दोरा, पुन्हा मी, पुन्हा मांडीवर गहू, या वेळी पिशवी मोठी. मग मला म्हणाले, "बसा इथे," आणि माझा हात धरून टायरच्या आत नेला, आतल्या भिंतीवरही. "असा, दर महिन्याला. तुम्हाला पीठ कळतं, हेही कळेल." मला कळलं. दर महिन्याच्या एक तारखेला मी गल्लीत जमिनीवर बसते आणि हात घालते. पोरं हसतात. हसोत.

गाडी घरी आणली त्या दिवशी महेशने ती खाली रस्त्यावर लावली. पेंडसे गॅलरीत आले.

"जरा वर घ्या हो."

महेश काही बोलायच्या आत रशीदभाई पुढे झाले. "आपण खाली येता का, साहेब?"

"कशाला?"

"आपल्या गाडीच्या चाकात हात घालून दाखवतो."

पेंडसे चिडले, पण आले. त्यांची गाडीही वरच होती. रशीदभाईंनी त्यांचा हात धरून टायरच्या आतल्या कडेवर ठेवला. पेंडशांनी बोटं चोळून पाहिली.

"बाहेरून तर चांगला आहे."

"बाहेरून सगळे शरीफ असतात," रशीदभाई म्हणाले. पेंडशांनी त्या संध्याकाळी गाडी खाली घेतली. दोघांच्या गाड्या खाली आल्यावर टँकर अडला, भांडणं झाली, शेवटी गल्लीने एकाआड एक लावायचं ठरवलं. अजून भांडणं होतात.

त्या दिवशी मी रशीदभाईंना चहा दिला. त्यांनी प्राजक्ता कशी आहे विचारलं, आत डोकावले नाहीत. सायकल हातात धरून निघाले. गल्लीत फुटपाथवर चढवलेल्या गाड्यांची रांग होती. पहिल्या गाडीजवळ ते थांबले, सायकल भिंतीला लावली, वाकले आणि चाकाच्या आत हात घातला. मान हलवली. मग दुसरी. मग तिसरी. कुणाच्या गाड्या, त्यांना माहीत नव्हतं. असे ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले, दर गाडीला वाकत, आणि वळले. त्यानंतर मला पाय मुरगळून दोन महिने गिरणीत जाता आलं नाही. त्या दोन महिन्यांत ते गेले. छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. भिंतीपलीकडून गाणी ऐकू येतात.

त्या सकाळी बायपासवर गाडीत आम्ही तिघं होतो. प्राजक्ता, रशीदभाई आणि मी. प्राजक्ताच्या पोटात मुलगी होती. चौघंही जगलो.